सहा इंचांवरचा डोळा

शटर वर जाताना कुणाला काही विचारत नाही. बटण दाबलं की मोटर घुमते, पट्ट्या गुंडाळत वर जातात आणि वाट मोकळी होते. खाली येताना मात्र त्याला परवानगी लागते. ती देण्याचं काम जमिनीपासून सहा इंचांवर, दोन्ही बाजूंना बसवलेल्या दोन छोट्या डब्यांचं. एक डबा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण सोडतो, समोरचा तो पकडतो. किरण पोचतो आहे तोवर शटर खाली येत राहतं. मध्ये मांजर आलं, चेंडू आला, रांगतं मूल आलं की किरण तुटतो आणि शटर थांबतं किंवा उलट फिरून वर जातं. सहा इंच ही उंची कुणी सहज निवडलेली नाही. उभ्या माणसाला वाचवायचं तर गुडघ्याएवढ्या उंचीवरही भागलं असतं. सहा इंच लागतात ते जमिनीवर लोळणाऱ्या लेकरासाठी.

पाथर्डीला दादाने नवीन घर बांधलं तेव्हा खाली गाडीसाठी असं मोटरचं शटर बसवून घेतलं. वास्तुशांत अक्षय तृतीयेला झाली. वास्तुशास्त्र पाळून घराचं मुख्य दार पूर्वेला ठेवलं होतं, पण रस्ता दक्षिणेला, त्यामुळे पार्किंगचं शटर दक्षिणेला आलं. पावसाळाभर ते नीट चाललं आणि दसऱ्याच्या सुमारास त्याने मिटणं सोडलं. तेही दिवसभर नाही. सकाळी गाडी बाहेर काढली की मुकाट्याने खाली यायचं. संध्याकाळी गाडी आत घेतली की अडायचं. हातभर उतरायचं, थबकायचं, परत वर. मी दिवाळीला माहेरी गेले तोवर हे दुखणं चांगलं मुरलं होतं. रात्री अंधार पडल्यावर तेच शटर निमूट मिटत होतं, म्हणून कुणी ते फार मनावर घेतलं नव्हतं एवढंच.

दसऱ्यानंतर पाथर्डी तालुक्यात दारं मिटण्याचाच हंगाम असतो. नवरात्रात मोहट्याच्या देवीला सगळा तालुका लोटतो आणि घट उठले की गावोगावची माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी साताऱ्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फेडायची तर निघावंच लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॉलीत पिठाचे डबे, भांडी, अंथरुणं, एखादी शेळी, कोंबड्या चढतात आणि सगळ्यात शेवटी घराला कुलूप लागतं. कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपून गुढीपाडव्याच्या अलीकडे-पलीकडे, ते निघत नाही. आमच्या शाळेत दिवाळीची सुट्टी संपून वर्ग भरला की कितीतरी बाक रिकामे दिसायचे. मागे राहिलेली मुलं आजी-आजोबांजवळ असत आणि त्यांच्या गळ्यात कधी कधी त्या कुलपाची किल्ली असे.

फडावर त्या माणसांना राहायला मिळते ती कोपी. बांबू, चटया, वर प्लास्टिकचा कागद. तिला दार नसतं. जुनं लुगडं नाहीतर पोतं आडवं लावायचं. गावाकडचं दाराचं घर सहा महिने कुलपात आणि घरची माणसं बिनदाराच्या कोपीत, असा हा उलटा संसार आहे. वयात आलेली मुलगी सोबत असेल तर आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. या भागात लेकींची लग्नं लवकर उरकली जातात, त्यामागच्या कारणांत ही न मिटणारी कोपीसुद्धा आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली आणि पहिल्या टप्प्यातल्या तालुक्यांत पाथर्डीचं नाव होतं, ते उगाच नाही. म्हणून उघड्या दारांचं कौतुक करताना मी सांभाळून बोलते. माणसाला मिटणारं दार हवंच. ते मिटताना कुणाला विचारतं, याची मला काळजी आहे.

तर शटर. न मिटणाऱ्या शटरचं निदान करण्याचा एक क्रम असतो आणि मी शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे असेल, तो मला फार लोभस वाटतो. यंत्र काय करतंय यापेक्षा ते काय करत नाहीये, इकडे लक्ष द्यावं लागतं. वरही जात नाही आणि खालीही येत नाही, तर आधी वीज, मग रिमोटमधला सेल, मग मोटरचा कपॅसिटर. पाच-सहा वेळा लागोपाठ वर-खाली केल्यावर बंद पडलं, तर मोटर तापून तिच्या आतला रक्षक स्विच सुटलेला असतो; तासाभराने ती आपोआप ताळ्यावर येते. जमिनीला टेकायच्या आत दोन बोटं थांबतं, तर लिमिट स्विच सरकलाय. मध्येच कुरकुरत अडतं, तर बाजूच्या पन्हळीत माती साचलीय किंवा पट्टी वाकलीय. संध्याकाळी शेतातले पंप चालू झाल्यावर जड चालतं, तर दाब उतरलाय. पण जे बिनतक्रार वर जातं आणि फक्त खाली यायला नकार देतं, त्याच्या ताकदीत काही उणं नसतं.

दादाने बोलावलेला मिस्त्री हेच बोलला. पस्तिशीचा, हाताला ग्रीस लागलेला, बोलण्याआधी दोन क्षण ऐकून घेणारा माणूस. त्याने शटर वर नेलं, खाली आणायला बटण दाबलं, ते परत फिरलं तसा म्हणाला, "मोटरीला काय झालेलं नाही भाऊ. वर जाती म्हणजे ताकद हाये तिच्यात. खाली यायला भेती ती." मग त्याने भिंतीवरचं बटण दाबून धरलं. शटर थेट जमिनीला टेकलं. बऱ्याच यंत्रांत ही सोय असते: बटणावर बोट धरून ठेवलं तर डोळ्याचं न ऐकता शटर उतरतं, बोट काढलं की थांबतं. म्हणजे डोळ्याला दिसत नसेल तर माणसाने तिथे उभं राहून स्वतः पाहायचं आणि पाहत असेपर्यंतच दाबायचं. मला ही सोय फार विचारपूर्वक केलेली वाटते.

डोळ्यातच दोष, एवढं ठरलं. मिस्त्रीने मऊ फडक्याने दोन्ही भिंगं पुसली. त्यांवर आमच्या भागातली बारीक तांबूस धूळ होती आणि एका कोपऱ्यात कोळ्याने जाळं धरलं होतं. सुतळी ताणून दोन्ही डबे समोरासमोर आहेत का ते पाहिलं. भाच्याने मोबाइलचा कॅमेरा किरण सोडणाऱ्या डब्यासमोर धरला, तर पडद्यावर फिकट जांभळा ठिपका उमटला; नुसत्या डोळ्याला जे दिसत नाही ते कॅमेऱ्याला दिसतं. म्हणजे सोडणारा ठीक. पकडणाऱ्यावरचा बारका दिवाही स्थिर जळत होता. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि आता शटर झकास मिटत होतं. मिस्त्रीने हत्यारं पिशवीत भरली नाहीत. "हे येळेवर बिघडतं ना? मग येळ होऊ द्या," म्हणाला आणि वहिनीने दिलेला चहा घेऊन पायरीवर बसला. इतक्या शांतपणे बिघाडाची वाट पाहणारा कारागीर मी फार वर्षांनी पाहिला.

पाच वाजून गेल्यावर ऊन शेजारच्या कडुलिंबाखालून आडवं आत शिरलं आणि पूर्वेच्या बाजूच्या डब्यावर पडलं. दिवा लुकलुकला, मग विझला. मिस्त्री उठला आणि त्या डब्यावर तळहाताची सावली धरली. दिवा लागला. हात काढला, विझला.

"डोळा दिपतोय," तो म्हणाला.

पुढचं कोडं मी वहीत आकृती काढून सोडवलं. शटर दक्षिणमुखी, म्हणजे किरण पूर्व-पश्चिम धावणार. किरण पकडणारा डबा पूर्वेच्या बाजूला, तोंड पश्चिमेकडे. वास्तुशांतीपासून भाद्रपदापर्यंत सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला कलून मावळतो. तेव्हा तो घराच्या भिंतीआड जातो आणि डब्यापर्यंत पोचत नाही. २३ सप्टेंबरच्या सुमारास तो ठीक पश्चिमेला मावळतो आणि त्यानंतर रोज थोडाथोडा दक्षिणेकडे सरकतो, म्हणजे शटरच्या मोकळ्या बाजूने आत डोकावू लागतो. २१ मार्चपर्यंत हे चालणार. उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. त्या लोटात समोरच्या डब्याचा बारीक किरण बुडून जातो आणि पकडणाऱ्याला तो वेगळा ओळखू येत नाही. दादाचं शटर दसऱ्याला का अडलं आणि गुढीपाडव्याला आपोआप का सुधारलं असतं, याचं उत्तर सूर्याच्या वाटेत होतं. वर्गात विषुवदिन शिकवताना पृथ्वीगोल आणि बॅटरी घेऊन इतकी वर्षं मी जे दाखवत आले, ते दादाच्या पार्किंगमध्ये कुणी न शिकवता रोज संध्याकाळी घडत होतं, याचा मला खरंच आनंद झाला.

पण त्याहून अधिक मला त्या डब्याच्या स्वभावाचं कौतुक वाटलं. आपल्याकडे मौन हे संमतीचं लक्षण मानतात. मुलगी काही बोलली नाही म्हणजे तिला स्थळ पसंत आहे. मजूर काही बोलला नाही म्हणजे त्याला हिशेब मान्य आहे. या डब्याची रचना बरोबर उलट आहे. किरण पोचला, तरच होकार. तो न पोचण्याची कारणं कितीही असोत, मध्ये मूल असो, कोळ्याचं जाळं असो, उंदराने वायर कुरतडलेली असो किंवा उन्हाने डोळा दिपलेला असो, उत्तर एकच: मला दिसत नाही, मी मिटणार नाही. मला दिसत नाही म्हणजे तिथे कुणी नाही, असं तो कधीही धरून चालत नाही.

ही शहाणीव यंत्राला फार उशिरा मिळाली. वर उचललं जाणारं गॅरेजचं दार अमेरिकेत सी. जी. जॉन्सन याने १९२१ मध्ये केलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. म्हाताऱ्या-अशक्त माणसांना जड दार उचलायला लागू नये, हा हेतू चांगलाच होता. पुढे घरोघरी अशी दारं झाली आणि त्यांखाली मुलं सापडू लागली. बटण दाबून खाली येणाऱ्या दाराखालून पळत निघायचं, हा मुलांचा खेळ झाला होता. अडथळ्याला टेकल्यावर उलट फिरायची सोय होती, पण त्यासाठी दाराने आधी मुलाला टेकायला हवं. कितीतरी लेकरं गेल्यावर तिथल्या संसदेने १९९० मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती दारयंत्रांना असा डोळा किंवा त्याच्या तोडीची दुसरी सोय सक्तीची झाली. १९२६ ते १९९३. दाराला हात मिळाल्यावर डोळा मिळायला सदुसष्ट वर्षं लागली.

म्हणूनच मिस्त्रीने दुसरा उपाय सुचवला तेव्हा मी मध्ये पडले. तो दादाला म्हणाला, "तुम्हाला कटकट नको असंल तर बोर्डावर दोन वायरी जोडून देतो. डोळाच नाही म्हणल्यावर अडायचा प्रश्नच नाही. लई जणांचं असंच केलंय." तो लबाडी करत नव्हता; गिऱ्हाइकं त्याच्याकडे तेच मागतात. न अडणारं यंत्र चांगलं, असं सगळ्यांनाच वाटतं. आणि शटर तर डोळ्यावाचूनही रोज नीटच मिटेल, एखादा दिवस सोडून. मी दादाला एवढंच म्हटलं की संध्याकाळी तुझी नात इथेच खेळत असते. वहिनी तर बोललीही नाही, तिने मिस्त्रीच्या हातातली वायरच काढून घेतली. मग विजेच्या फिटिंगचा पीव्हीसी पाइप चार बोटं कापून त्या डब्याच्या तोंडावर टोपीसारखा बसवला. समोरचा किरण सरळ येतो, तो आत जातो. ऊन तिरपं येतं, ते पाइपाच्या कडेवर अडतं. दिवस मावळायच्या आत शटर मिटवून पाहिलं. मिटलं. मध्ये चेंडू ढकलून पाहिला. थांबलं.

दारांचा विषय निघालाच आहे तर, आमच्याच जिल्ह्यात बिनदारांच्या घरांचं जगप्रसिद्ध गाव आहे, नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर. तिथे परंपरेने घरांना दारं नाहीत, चौकट आहे. रात्री कुत्री येऊ नयेत म्हणून फार तर फळी लावतात. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. तिला काचेचं दार आहे आणि गावाची श्रद्धा राखून, सहज दिसणार नाही असं विजेच्या चुंबकाचं कुलूपही आहे. २०१५ मध्ये पोलीस ठाणंही आलं. लहानपणी आम्ही सहलीला गेलो की त्या घरांत वाकून बघायचो. मोठी झाल्यावर मला तिथलं दुसरं दार दिसू लागलं. घरांना दारं नसलेल्या त्या गावात देवाच्या चौथऱ्याची पायरी बायकांना बंद होती. आंदोलन झालं, उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, ती उघडली. त्या पायरीला फळी नव्हती की कडी नव्हती, तरी किती वर्षं ती घट्ट मिटलेली राहिली. तिथेही बायका गप्प होत्या तोवर त्यांची संमतीच धरली गेली होती.

पण माझ्या मनातून जात नाहीत ती दारं वेगळी. ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याच्या एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथल्या एका साड्यांच्या दुकानात पाच कामगार गेले. पोटासाठी लांबून आलेली तरुण पोरं. दोन्ही ठिकाणी बाहेरून कुलूप होतं. त्या दारांत कुठलाही बिघाड नव्हता. ती सांगितल्याप्रमाणे नीट मिटली होती. सहा इंचांवरचा डोळा उंबऱ्यावर कोण आहे ते पाहतो. दाराच्या आत कोण झोपलंय हे पाहणारा डोळा अजून कुणी बसवलेला नाही. ते काम कुलूप लावणाऱ्याचं.

त्या संध्याकाळी मिस्त्री निघायच्या आधी वहिनीने विचारलं, "लाइट गेली आणि मी आत असले तर?" त्याने मोटरशेजारी वर गुंडाळून ठेवलेली हातसाखळी सोडून दाखवली. मोटरचा ब्रेक मोकळा करायचा आणि साखळी ओढत शटर वर न्यायचं. ही साखळी बऱ्याच मोटरींबरोबर मिळते आणि बहुतेक घरांत मधे येते म्हणून वर बांधून ठेवतात. वहिनीने ती तिच्या हाताला येईल अशी खाली घ्यायला लावली, स्वतः ओढून पाहिली, मग आईला ओढायला लावली. आईचं वय झालंय, दमली, पण वीतभर शटर उचललं तिने, आणि मिस्त्री म्हणाला की तेवढ्यातून धूर जातो आणि हाक बाहेर जाते.

हे बोलणं चालू असताना दादा गप्प होता. त्याचं बाजारात कापडाचं दुकान आहे. दिवाळीच्या दिवसांत माल भरलेला असतो म्हणून कामावरचा एक मुलगा रात्री आत झोपतो. पुढचं शटर बाहेरून कुलूपबंद आणि मागच्या बोळातल्या दारालाही बाहेरून कडी, अशी आमच्या बाजारात जुनी पद्धत आहे. चोरी झाली तर मुलावर आळ नको, असंही त्यामागे लोक सांगतात. त्या मुलाने कधी काही तक्रार केली नव्हती. मी दादाला कोंढव्याचं सांगितलं, उरुळीचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मिस्त्रीला विचारलं, "दुकानाकडून जाताना थांबशील का जरा?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वेल्डरने मागच्या दाराची बाहेरची कडी कापून काढली आणि आतून अडसर बसवला. मुलाने तो लावला, काढला, दार ढकलून बोळात जाऊन आला. मग दादाला म्हणाला, "मालक, एक टॉर्च बी लागंल. लाइट गेल्यावर अडसर कुठंय ते कळाय पायजे." ती कुठे ठेवायची यावर दुकानात बराच वेळ बोलणं झालं. गल्ल्यात ठेवली तर अंधारात सापडणार नाही, उशाशी ठेवली तर सरकेल. शेवटी अडसराच्या वरच भिंतीत खिळा ठोकला.